जंजिऱ्याची भिंत

मागच्या खोलीचं दार ओढून घेताना सारंग म्हणाला, "खोकला आला तरी दाबायचा. कळलं ना?"

"पाणी तरी ठेव," मी म्हणाले.

त्यानं हातातली स्वतःची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दार लावलं. मग बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला. कडी घालायचं आमचं ठरलं नव्हतं. चुकून कुणी आत येऊ नये म्हणून घातली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

खोली आणि हॉल यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. सहकारनगरमधला तिसऱ्या मजल्यावरचा एक जुना फ्लॅट, त्यालाच आम्ही सारंगच्या गेम कंपनीचं ऑफिस म्हणायचो. हॉलमध्ये कुणी खुर्ची सरकवली तरी आत कळायचं. त्या रविवारी सकाळी हॉलमध्ये पंधरा-वीस जण होते. चपला काढण्याचे, सतरंजी झटकण्याचे, "तू तिकडं सरक की" असे आवाज येत होते. मग एकदम सगळे गप्प झाले, आणि एक जाड, थोडा बसलेला आवाज आला.

"कुठं बसायचं मी?"

ते आप्पा ढमढेरे होते. चाळीसेक वर्षं पोरांना गडांवर घेऊन जाणारा माणूस. त्यांच्या मंडळाची पोरं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. महिन्यापूर्वी यातलीच काही पोरं आमचा जिना चढून आली होती आणि बाहेरच्या पाटीची काच फोडून गेली होती.

कारण आमच्या खेळाची जाहिरात. सतराव्या शतकातल्या दख्खनचा मोठा नकाशा, त्यावर मराठे, मुघल, आदिलशाही, इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी. खेळणाऱ्यानं एक बाजू घ्यायची आणि कारभार, तह, लढाया सगळं आपल्या डोक्यानं चालवत पन्नास-साठ वर्षं पार करायची. जाहिरातीत एका ठिकाणी जंजिऱ्याचं चित्र होतं आणि खाली शब्द होता, 'अजिंक्य'. तो एवढाच शब्द लोकांना झोंबला. आमचे राजे लढतात आणि यांच्या खेळात किल्ला पडतच नाही म्हणे! फोन सुरू झाले, मग काच फुटली. शेवटी सारंगनं आप्पांना गाठलं आणि विनवलं, एकदा येऊन स्वतः खेळून बघा, मग काय ते ठरवा. खेळ बाजारात यायला तीन आठवडे उरले होते. आप्पांनी मान हलवली तर सगळं शांत होणार होतं. नाही हलवली तर पुढच्या वेळी पाटीवर भागणार नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

माझं तिथलं काम बॅलन्सचं. कुठलीही बाजू घेतली तरी खेळण्यात अर्थ राहिला पाहिजे, एक बाजू इतकी भारी नको की समोरचा वैतागून उठून जाईल, हे सांभाळायचं. इतिहासाचं काम ऐनापुरेकडे. तो मिरजेचा, मोडी वाचणारा, आणि आकड्यांच्या बाबतीत माझा कायमचा शत्रू. जंजिऱ्याच्या भिंतीच्या ताकदीचा आकडा किती ठेवायचा यावरून आम्ही वर्षभर भांडलो.

"तो पडला नाही नाझनीन," तो म्हणायचा. "कुणालाच नाही पाडता आला. तू कोण पाडणारी?"

"मी कुठं पाडतेय? खेळणारा पाडेल. पडूच शकत नसेल तर तो तिकडे फिरकेल कशाला? नकाशावर नुसता दगड ठेवल्यासारखं होईल."

"मग राहू दे दगड. दगडच होता तो."

ऑफिसात यावरून आमची चेष्टा चालायची, कारण मी राजपुरीची. जंजिरा आमच्या ओट्यावरून दिसतो. किल्ल्यासमोर जन्मलेली मी तो पडायला हवा म्हणत होते आणि मिरजेचा ऐनापुरे त्याची राखण करत होता. शेवटी दोघांनाही थोडा नावडेल असा एक आकडा आम्ही ठरवला. फार कष्टानं, फार धीरानं, कधीतरी पडेल असा.

शनिवारी दुपारी सारंगनं आम्हाला न विचारता तो आकडा निम्म्याच्याही खाली आणला.

"उद्यापुरतं," तो म्हणाला. "आप्पांच्या हातून किल्ला पडला पाहिजे. पोरांच्या समोर. बास."

ऐनापुरेनं बॅग उचलली आणि निघून गेला. पण मग वेगळीच अडचण निघाली. सिद्दीची बाजू कॉम्प्युटर खेळणार होता, आणि भिंत इतकी कच्ची केल्यावर कॉम्प्युटरचं गणितच कोसळायला लागलं. वेढा पडला की तो सगळं आरमार खाडीबाहेर पाठवायचा आणि गेम बंद पडायचा. तीनदा खेळून पाहिलं, तीनदा तेच.

"तू खेळ सिद्दीकडून," सारंग मला म्हणाला. "आतल्या खोलीतून. बाहेर सांगायचं, कॉम्प्युटर आहे म्हणून."

"आणि हरायचं?"

"लगेच नको. थोडं झुंजून."

"मग समोर बसूनच खेळते की."

तो टेबलावरची वायर गुंडाळायला लागला. "तसं काही नाही गं. पण... तुला कळतंय ना."

मला कळत होतं. रविवारी सकाळी आले तेव्हा माझ्या टेबलावरची नावाची पट्टी ड्रॉवरमध्ये गेलेली होती.

*

खेळ सुरू झाला. माझ्या स्क्रीनवर सिद्दीच्या बाजूनं दिसणारा कोकण किनारा, बाहेर मोठ्या पडद्यावर तोच मुलूख आप्पांच्या बाजूनं. पार्टिशनपलीकडून ऐनापुरेचा आवाज येत होता. नकाशा समजावून सांगायला तो आला होता खरा, पण विचारलं तेवढंच बोलत होता.

माझा अंदाज होता की आप्पा थेट जंजिऱ्यावर धावून जातील. तसं झालं असतं तर माझं काम सोपं होतं. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "पाऊस कधी लागतो यात?"

"जूनमध्ये," ऐनापुरे म्हणाला.

"आणि तेव्हा गलबतं बंद?"

"बंद."

"बरं. मग थंडीशिवाय काही करता येत नाही."

त्यांनी दोन वर्षं किल्ल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जंजिऱ्याजवळच्या समुद्रातला आपला पद्मदुर्ग मजबूत केला. कल्याणकडून लाकूड आणलं, गलबतं बांधायला घेतली. किनाऱ्यावरच्या गावांचा सारा कमी केला, का तर पुढं याच लोकांकडून काम करून घ्यायचंय. पोरं कंटाळली. "आप्पा, घ्या ना आता किल्ला," असं कुणी म्हणालं की ते "थांब रे" म्हणायचे आणि पुन्हा धान्याचा हिशोब उघडायचे. असा खेळणारा मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या ऑफिसातल्या पोरांना पाचव्या मिनिटाला लढाई लागायची.

मी माझ्या बाजूनं जेवढ्यास तेवढं करत होते. सुरतेहून थोडं धान्य मागवलं, दोन-चार गलबतं फिरती ठेवली. झुंजल्यासारखं दिसावं एवढंच.

मग एका हिवाळ्यात त्यांची फौज राजपुरीच्या किनाऱ्यावर उतरली. आणि फौजेमागून दगड.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. "सेतू! आप्पांनी सेतू घातला!"

संभाजीराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव टाकायला घेतला होता, हे तिथल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ होतं. खेळात ती सोय ऐनापुरेनं हट्टानं घालून घेतली होती. फार खर्चाची, फार वेळखाऊ. टेस्टिंगच्या वर्षभरात कुणी ती वापरली नव्हती. माझ्या स्क्रीनवर ती करडी रेघ किल्ल्याच्या दिशेनं बोटभर सरकली, आणखी सरकली. तो किनारा आमचा होता. मासळी वाळत घालायची ती जागा.

सेतूवरून तोफा पुढं आल्या आणि भिंत ढासळायला लागली. दोन महिन्यांत पहिलं खिंडार.

हॉल दणाणला. घोषणा झाल्या. पार्टिशन थरथरलं. आणि त्या गोंधळात मला तो जाड आवाज ऐकू आला, अगदी हळू.

"इतक्यात?"

सारंग मोठ्यानं हसून म्हणाला, "तुमच्या तोफाच तशा लागल्यात आप्पा!"

माझ्या फोनवर सारंगचा मेसेज आला. *सोड आता.*

सोडायचं म्हणजे काहीच करायचं नाही. हात मांडीवर ठेवून बसायचं. पुढच्या महिन्यात आप्पांची माणसं खिंडारातून आत शिरली असती आणि सगळे आनंदानं घरी गेले असते. मीही.

मी हात मांडीवर ठेवले. बाहेर आप्पा गलबतांची जागा बदलत होते. किल्ल्याच्या मागच्या अंगानं मी पळून जाऊ नये म्हणून ते समुद्राकडची बाजू अडवत होते. खिंडार पडलेलं असताना, पोरं ओरडत असताना, ते अजून नीट विचार करून खेळत होते. समोर कुणीतरी आहे असं धरून. आणि समोर कुणीच नव्हतं. मला ते सहन होईना.

सिद्दी मुघलांचा चाकर. अडचणीत असला की बादशहाकडे कुमक मागू शकतो, ही आज्ञा खेळात होती. जुन्नरला मुघलांची मोठी फौज रिकामी बसलेली दिसत होती. मी कुमक मागितली. किल्ल्यावर नको, असं लिहिलं. कल्याणला उतरा आणि रायगडाकडे चला.

बाहेरच्या पडद्यावर बातमी झळकली असणार, कारण घोषणा मध्येच तुटली.

कुणीतरी वाचून दाखवलं, "मुघल फौज घाट उतरून कल्याणास आली."

"आप्पा, रायगडावर किती माणूस आहे?"

"कुणी नाही," आप्पा म्हणाले. "सगळा इथं आहे."

माझा फोन थरथरला. *काय केलंस?* मग पुन्हा, *नाझ!* मी तो पालथा घातला.

"सेतू सोडायचा नाही आप्पा!" हा आवाज विश्वजितचा होता. आप्पांचा उजवा हात. काच फोडली त्या दिवशी जिन्यात सगळ्यांच्या पुढे तोच होता. "एक महिना. फक्त एक महिना काढा. भिंत पडलीच आहे. किल्ला घ्या, मग बघू रायगडाचं!"

"बरोबर आहे आप्पा!"

"आता मागं नाही फिरायचं!"

"हा खेळ थांबवता येतो का?" आप्पांनी विचारलं.

"येतो," ऐनापुरे म्हणाला. "डावीकडचं बटण."

माझ्या स्क्रीनवर अक्षरं आली, 'खेळ थांबवला आहे.'

पार्टिशनपलीकडे पंख्याचा आवाज तेवढा राहिला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि आवाज होईल म्हणून तसंच धरून बसले. एकदा विश्वजित "आप्पा—" म्हणाला, आणि त्याला बहुतेक हातानंच गप्प केलं गेलं.

मग अक्षरं गेली. नकाशा पुन्हा चालू झाला. किनाऱ्यावरचे तंबू उठले.

ते परत चालले होते.

सेतूच्या टोकावरची फौज तोंड फिरवून किनाऱ्याकडे निघाली. एका माणसामागे एक माणूस जाईल एवढी चिंचोळी वाट, आणि ती सगळी माझ्या तोफांच्या टप्प्यात. माझ्या स्क्रीनवर लाल चौकट उघडली. 'तोफा डागायच्या?' कॉम्प्युटर असता तर त्यानं क्षणाचाही विचार केला नसता. मी चौकट बंद केली. एक एक करत ते सगळे किनाऱ्याला लागले आणि रायगडाच्या वाटेला गेले.

"आप्पा, हे काय केलंत तुम्ही?" विश्वजितचा आवाज फाटला होता. एक खुर्ची पडली.

सारंग घाईघाईनं म्हणाला, "काहीतरी टेक्निकल गडबड झालीय. आपण पुन्हा पहिल्यापासून—"

"गडबड कसली," आप्पा म्हणाले. "आत कोण बसलंय?"

"आत? आत कुणी नाही. कॉम्प्युटर आहे."

"माझी माणसं पाठ दाखवून चालली होती. सगळी तोफेखाली होती. कॉम्प्युटरनं एक गोळा टाकला नाही." पावलं पार्टिशनकडे यायला लागली. "ही कडी का घातलीय?"

मी उभी राहिले. कडी निघाली, दार उघडलं. आप्पा दारात होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटके, डोक्याला पांढरे बारीक केस, गुडघ्याला पट्टा. त्यांच्या मागे पोरांची गर्दी.

त्यांनी स्क्रीन पाहिली. मग मला.

"तू खेळत होतीस?"

"हो."

"नाव काय?"

सारंग मागून काहीतरी बोलू पाहत होता.

"नाझनीन हमदुले," मी म्हणाले.

"गाव?"

"राजपुरी."

मागे कुणीतरी जोरात श्वास सोडला. कुणीतरी पुटपुटलं, ते मला नीट ऐकू आलं पण मी ऐकलं नाही असं केलं. आप्पांनी मागे न वळता हात वर केला आणि पुटपुटणं थांबलं.

"म्हणजे माझा तळ तुझ्या दारात होता."

"सेतू आमच्या वाडीतूनच निघाला," मी म्हणाले.

"तोफा का नाही डागल्या?"

"दारूगोळा वाचवला."

"खोटं," ते म्हणाले. मग भिंतीकडे, म्हणजे स्क्रीनवरच्या त्या खिंडाराकडे बोट करून म्हणाले, "आणि हे? ही भिंत मी हात लावून पाहिलेली आहे. वर्षानुवर्षं. दोन महिन्यांत पडत नाही ती."

मी सारंगकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"काल कमी केली," मी म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून."

आप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्यांनी सारंगकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "मला फुकटचा किल्ला देत होता?"

"आप्पा, तसं नाही, पोरांना बरं वाटावं म्हणून—"

"अहो, दोन महिन्यांत पडणारी भिंत असेल तर आमचे राजे काय वेडे होते का, इतकी वर्षं तिथं डोकं फोडून घ्यायला? तुम्ही कुणाला लहान केलंत, कळतंय का?"

ते लंगडत हॉलच्या दाराकडे गेले, चपला घातल्या आणि जिना उतरले. पोरं त्यांच्यामागे गेली. विश्वजित सगळ्यात शेवटी. जाताना त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली.

*

"चौदा जणांची नोकरी आहे इथं," सारंग म्हणाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "तुला फक्त गप्प बसायचं होतं."

मला काही दिवस घरून काम करायला सांगितलं. ऑफिसचं मुख्य दार आतून बंद ठेवायला लागले, पाटी उतरवून ठेवली. ऐनापुरे रोज फोन करायचा. "अजून कुणी आलं नाही," एवढं सांगायचा. एकदा म्हणाला, "भिंत मी पुन्हा आपल्या आकड्यावर आणलीय. सारंगला विचारलं नाही." वर्षभरात पहिल्यांदा आमचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं.

गुरुवारी दुपारी त्याचा पुन्हा फोन आला. या वेळी तो कुजबुजत होता.

"ये लगेच. आप्पा आलेत. एकटेच."

मी पोचले तेव्हा ते रिकाम्या हॉलमध्ये त्याच खुर्चीवर बसले होते. समोरचा चहा निवून साय धरलेला. सारंग कोपऱ्यात उभा होता, बसावं की नाही हे न कळल्यासारखा.

"त्या दिवशीचा खेळ तुम्ही ठेवलाय का?" आप्पांनी मला विचारलं. "मी थांबवला होता तिथपर्यंतचा?"

"ठेवलाय. थांबवला की आपोआप राहतो."

"लाव."

मी लावला. मोठ्या पडद्यावर किनारा आला. सेतू, खिंडार, कल्याणला उतरलेली फौज. सगळं तसंच थिजलेलं. आप्पा पडद्याकडे पाहत राहिले आणि त्याच्याशीच बोलावं तसं बोलायला लागले.

"दर वर्षी पोरांना जंजिऱ्याला नेतो मी. तुमच्या राजपुरीच्या किनाऱ्यावर उभं करतो आणि सांगतो, मागून मुघल आले आणि इथून राजांना परत फिरावं लागलं. का? आजूबाजूचे कच्चे निघाले. कानाशी लागले. आणखी महिनाभर नेट धरला असता तर किल्ला आपला होता. पोरं चिडतात. चिडलेली पोरं बघायला बरं वाटतं."

त्यांनी गुडघा चोळला.

"परवा माझ्या कानाशी कोण लागलं होतं? सगळे राहा म्हणत होते. एकजण परत फिर म्हणाला नाही. फिरलो मी. माझ्या हातानं." ते थांबले. "घरी गेल्यापासून झोप नाही. सारखं वाटतं, राहिलो असतो तर?"

"बघायचंय?" मी विचारलं.

"त्यासाठीच आलोय."

मी माझ्या स्क्रीनसमोर बसले. या वेळी हॉलमध्येच, त्यांच्या शेजारी. त्यांनी डावीकडचं बटण दाबलं. तंबू उठले नाहीत. त्यांची माणसं सेतूवरून पुढं आली, खिंडारातून आत शिरली. मी होतं नव्हतं ते सगळं लावून झुंजले. ठेवलेल्या खेळात भिंत त्या दिवशीचीच, कच्ची होती; तिच्यात मला फार काही करता येण्यासारखं नव्हतं. महिन्याच्या शेवटी किल्ल्यावरचा माझा झेंडा उतरला आणि त्यांचा चढला. आमच्या संगीतकारानं त्या क्षणासाठी खास शिंगं वाजवून घेतली होती. ती वाजली. रिकाम्या हॉलमध्ये फार मोठी वाजली.

आप्पांचा चेहरा हलला नाही. ते नकाशावर वरच्या बाजूला बघत होते.

मुघल फौज महाडला पोचली होती. रायगडावर शिबंदी नव्हती. त्यांनी जंजिऱ्याहून माणसं काढली, पण मधला रस्ता अडलेला होता. समुद्रानं न्यायला गलबतं अडकून पडलेली. त्यांनी खूप धडपड केली. बारा मावळातून माणसं बोलावली, तहाचं बोलणं लावून पाहिलं, खजिना हलवायचा प्रयत्न केला. मी काहीच करत नव्हते. माझ्याकडे करण्यासारखं उरलंच नव्हतं. पाऊस लागायच्या आत रायगडावर दुसरा झेंडा चढला. जंजिरा आप्पांकडे आणखी काही महिने राहिला. मागून धान्य येईना म्हणून मग तोही गेला.

"बंद कर," ते म्हणाले.

पडदा काळा झाला. सारंगनं न सांगता दुसरा चहा आणून ठेवला. आप्पांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला.

"आता भिंत किती ठेवणार आहात?"

"तुम्ही सांगा ना," सारंग लगेच म्हणाला. "तुम्ही म्हणाल ती ठेवू."

"मी कशाला सांगू? परवा माझ्यासाठी ठेवलीत तर काय झालं बघितलंत ना." त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

"पडायला हवा," मी म्हणाले. "फार कष्टानं, पण पडायला हवा. नाहीतर कुणाला काही ठरवावंच लागणार नाही."

ऐनापुरे माझ्याकडे पाहत होता. मी वाट पाहिली, पण तो भांडला नाही.

"मग पडू द्या," आप्पा उठत म्हणाले. "पण तो पाडताना जे जातं, ते स्वस्त करू नका. एवढं बघा."

ते जिन्यापर्यंत गेले. सारंग मागे धावला. "आप्पा, मग मंडळाचं काय? म्हणजे तुमची परवानगी..."

"परवानगी द्यायला तो किल्ला माझा आहे का?" ते म्हणाले, आणि कठडा धरून एक एक पायरी उतरले.

*

खेळ ठरल्या दिवशी बाहेर आला. कुणी काच फोडली नाही. विश्वजितनं कुठंतरी आमच्याविरुद्ध मोठं लिहिलं, त्याखाली बरीच भांडणं झाली, आणि त्याच महिन्यात त्यानं आप्पांचं मंडळ सोडलं असं नंतर कानावर आलं. सारंगशी माझं पूर्वीसारखं कधीच जमलं नाही. वर्षभरानं मी दुसरीकडे गेले. ऐनापुरे अजून फोन करतो, अजून भांडतो.

आप्पांचा फोन खेळ येऊन वर्ष होत आलं तेव्हा आला, मी तिथून निघण्याच्या जरा आधी.

"नाझनीन, तुम्हाला कळतं का गं, कोण कसा खेळला ते?"

"कळतं. नावं नाही कळत, पण आकडे येतात."

"जंजिरा किती जणांनी घेतला?"

मी उघडून पाहिलं. "पुष्कळ आहेत आप्पा. हजारांनी."

"रायगड घालवून?"

"बहुतेकांनी घालवूनच."

मागे कुठंतरी पोरांचा दंगा ऐकू येत होता. कुठल्यातरी गडाच्या पायथ्याशी असावेत.

"आणि खिंडार पडल्यावर परत फिरलेले?"

हे मी कधी मोजून पाहिलं नव्हतं. मोजलं. एका पानातच मावले.

"अगदी थोडे आहेत."

"त्यांचा काही पत्ता लागेल का?" आप्पा म्हणाले. "नवीन मंडळ काढतोय. मला तसली पोरं हवीत."